स्पंजाच्या विषातून औषध

स्पंज म्हटला की पाटी पुसण्याचा मऊ तुकडा आपल्या डोळ्यांपुढे येतो. तो बहुधा कारखान्यात बनलेला असतो. खरा स्पंज मात्र समुद्रातील खडकाला चिकटून राहणारा प्राणी आहे. त्याला पळता येत नाही. दात नाहीत, नखे नाहीत. मग शत्रूपासून बचाव कसा करावा? पुष्कळ स्पंजांच्या अंगात त्यासाठी विषारी द्रव्ये असतात. हीच विषे कर्करोगाच्या औषधांना उपयोगी पडली.

१९५०च्या सुमारास बर्गमन या शास्त्रज्ञाला फ्लोरिडाजवळील स्पंजात काही आगळी द्रव्ये आढळली. त्यांच्या धर्तीवर पुढे ‘सायटाराबिन’ तयार झाले. अमेरिकेत त्यास १९६९ साली मान्यता मिळाली. रक्ताच्या काही कर्करोगांत आजही ते प्रमुख औषध आहे.

दुसरी कथा जपानची. १९८६ साली हिराता व उएमुरा यांनी तेथील काळ्या स्पंजातून ‘हॅलिकॉन्ड्रिन बी’ वेगळे केले. सहाशे किलो स्पंजातून मिळाले किती? अवघे साडेबारा मिलिग्रॅम, तांदळाच्या एका दाण्याहूनही कमी! या हिशेबाने औषध करायचे तर समुद्रात स्पंज उरलाच नसता. १९९२ साली हार्वर्ड विद्यापीठात किशी यांनी हे द्रव्य प्रयोगशाळेत घडवले. त्यातील गुणकारी भाग तेवढा ठेवून ‘एरिब्युलिन’ बनले. पेशी दुभंगताना तिच्यात सूक्ष्म नळ्यांची जुळणी होते. हे औषध ती वाढ रोखते आणि कर्करोगाची पेशी मरते.

शरीरात इतरत्र पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २०१० साली त्यास मान्यता मिळाली. ७६२ स्त्रियांवरील चाचणीत इतर उपचारांनी सरासरी १०.६ महिने आयुष्य लाभले, तर या औषधाने १३.१ महिने. म्हणजे अडीच महिने जास्त. लेकीचे लग्न पाहू इच्छिणाऱ्या आईला ते थोडे नव्हेत. पण याला रोग बरा झाला असे म्हणता येणार नाही.

म्हणून वाचक भगिनींनो, स्तनात गाठ लागली तर दुखत नाही म्हणून थांबू नका. कर्करोगाच्या गाठी बहुधा दुखत नाहीत. लाजेपायी वा कामाच्या धबडग्यात दिवस घालवू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि कोणी ‘समुद्री औषधा’ची पुडी विकू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.