बायबलचे खिळे कोणी जुळवले?

'पंडिता रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं.' हे वाक्य तुम्ही शाळेच्या पुस्तकात नाही तर एखाद्या चरित्रात वाचलं असेल. वाक्य खरंच आहे. पण माझ्या पीएचडीचा विषय छापखान्यांतलं स्त्रियांचं काम हा आहे, त्यामुळे 'केलं' या क्रियापदावर मी अडते. भाषांतर झालं, मग पुस्तक कसं झालं? खिळे कोणी जुळवले, फर्मे कोणी शिवले? उत्तर माहीत आहे: पुणे–दौंड लोहमार्गावरच्या केडगावला, मुक्ती सदनातल्या बायकांनी आणि मुलींनी. त्यांची श्रद्धा रोजच्या दिवसात कशी दिसत होती, ते या कामाकडे नीट पाहिलं तर थोडंफार कळतं, असं मला वाटतं.

मुक्तीबद्दलचं बरंचसं लेखन 1905 च्या आध्यात्मिक जागृतीवर आहे. रात्रभर चाललेल्या प्रार्थना, रडणं, पापांची कबुली. पेंटेकोस्टल चळवळीचा जागतिक इतिहास लिहिणारे केडगावचा उल्लेख हमखास करतात. ते महत्त्वाचं आहेच, पण जागृतीच्या दुसऱ्या दिवशीही सकाळी गोठ्यात धारा काढायच्या होत्या, माग चालवायचे होते, स्वयंपाक करायचा होता. तोही साधासुधा नाही. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, 1900 च्या सुमारास गुजरातेतून आणल्या, आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या माणसांचं गाव चालवायचं, त्यात छापखानाही.

छापखाना कशासाठी, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि तिने मुलीला. हे कुटुंब गावोगाव फिरून पुराण सांगायचं. ऐकल्याने पुण्य मिळतं अशी लोकांची समजूत, त्यामुळे अर्थ सांगायची गरजच नसायची. 1907 च्या आपल्या आत्मकथनात रमाबाईंनी या दिवसांबद्दल स्पष्टपणे लिहिलंय. पुढे 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी दुसऱ्याच्या अधिकारावर धर्म मानायला नकार दिला. अँग्लिकन सिस्टरांशी त्यांचा जो पत्रव्यवहार आहे, तो वाचाच. वाद घालणारी, शिष्येच्या जागी बसायला तयार नसलेली बाई त्यात दिसते. 'मी वाचेन, मग मला पटेल' हा त्यांचा श्रद्धेचा मार्ग होता. (इकडे पुण्यात मात्र 1893 मध्ये शारदा सदनातल्या मुलींना बाटवतात म्हणून 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी सल्लागार समिती सोडली. ती गोष्ट वेगळी आणि मोठी आहे.)

आता हाच मार्ग दुष्काळातून आलेल्या मुलीसाठी खुला करायचा, तर तिला वाचता यायला हवं आणि पुस्तक तिच्या भाषेत हवं. मराठी बायबल तोवर होतंच. सेरामपूरचा नवा करार 1811 चा, नंतर बायबल सोसायटीच्या आवृत्त्या आल्या. पण त्यातली मराठी खेड्यातल्या बाईला जड जाते असं रमाबाईंचं मत होतं. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची दीडेक दशकं या कामात घातली. काम संपत आलं तेव्हा, 1921 मध्ये, त्यांची मुलगी मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं.

इथून पुढे माझ्यातली एम.एस्सी.वाली जागी होते. हजेरीपट हातात नसेल तर कामाचा अंदाज कसा काढायचा? भौतिकशास्त्रात आम्ही ढोबळ आकडे धरून उत्तराच्या जवळ जातो, तसंच करू. खालचे दर मी गृहीत धरलेले आहेत, केडगावचे मोजलेले नाहीत.

प्रोटेस्टंट बायबलात 66 पुस्तकं, 1189 अध्याय आणि सुमारे 31 हजार वचनं. मराठीत सहा लाख शब्द धरा. एका शब्दाला मात्रा, वेलांट्या आणि मोकळी जागा धरून सरासरी पाच खिळे. म्हणजे 30 लाख खिळे. इंग्रजी जुळाऱ्यापुढे शंभर-दीडशे खण असतात, देवनागरीला जोडाक्षरांमुळे कित्येक शे लागतात. शिवाय सगळी अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी वाचायची. तासाला 800 खिळे धरले तर 3750 तास, दिवसाला आठ तासांनी 470 दिवस. छापून झाल्यावर प्रत्येक खिळा पुन्हा त्याच्या खणात टाकायचा, त्याचा पाव हिस्सा वेळ वाढवा. एकाच बाईने केलं असतं तर दोन वर्षं.

दोनच वर्षं? आकडा पाहून मीही थोडी चकित झाले. मग पंधरा वर्षं कुठे गेली? भाषांतरात तर गेलीच, पण प्रुफांतही गेली असणार. भाषा सोपी करायची म्हणजे शब्द बदलत राहायचं. हस्तलिखितात एक शब्द खोडून दुसरा लिहायला पाच सेकंद लागतात. जुळवलेल्या ओळीत तोच बदल केला की ओळ लांबते, शेवटचा शब्द खाली सरकतो, मग त्याखालची ओळ, आणि परिच्छेद संपेपर्यंत सगळं पुन्हा बसवायचं. रमाबाईंच्या प्रत्येक 'अजून सोपा शब्द हवा'ची किंमत कुणीतरी बोटांनी मोजत होतं. माझ्या हिशोबातला सगळ्यात कच्चा भाग हाच आहे, आणि बहुधा सगळ्यात मोठाही.

बांधणीचंही बघा. 1200 पानांचं पुस्तक म्हणजे सोळापानी 75 फर्मे. हजार प्रती धरल्या तर 75 हजार कागदांना घड्या घालायच्या. तासाला 300 म्हटलं तरी 250 तास. शिवणीला फर्म्यामागे एक मिनिट, म्हणजे एका प्रतीला सव्वा तास आणि हजार प्रतींना 1250 तास. माझे दर दुपटीने चुकले तरी उत्तर शून्याच्या जवळपासही येत नाही. चरित्रांमध्ये मात्र या कामाची दखल जेमतेम एका वाक्याची असते: 'मुलींनी छपाईत सेवा केली.'

'सेवा' या शब्दाबद्दल मला दोन्ही बाजूंनी बोलायचंय. दुष्काळात आईबाप गमावलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला नाही म्हणायची मुभा किती असणार? संस्थेची शिस्त, प्रार्थनेच्या वेळा, काम सगळं ठरलेलं. त्याला नुसती 'सेवा' म्हटलं की श्रम दिसेनासे होतात. पण त्याला फक्त 'राबवणं' म्हणणारे अभ्यासकही मला पटत नाहीत. एरवी या मुलींना अक्षर कोण दाखवणार होतं? इथे जी बाई खिळे जुळवते ती मजकूर वाचते, तोही उलटा, अक्षर-अक्षर. आपण ज्या वचनावर विश्वास ठेवतो त्यातली वेलांटी चुकली आहे हे तिला कळतं. पुराण ऐकून पुण्य मिळवणाऱ्या श्रोत्यापासून ही बाई फार लांब आली आहे. मुक्तीतून काहीजणी पुढे गावोगाव वाचून दाखवायला बायबल-बाई म्हणून गेल्या. त्यांच्याबद्दल निदान मिशनच्या वृत्तांतांत काही सापडतं. जुळारणींबद्दल त्याहून कमी.

आणखी एक काम याच आवारात चालायचं. अंध मुली-बायकांसाठी तिथे बर्तिमी सदन होतं आणि मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल शिकवायला सुरुवात केली. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल ठरली ती 1951 मध्ये, म्हणजे हे त्याच्या कितीतरी आधीचं. पाटीवर टोच्याने लिहिताना ब्रेलही उलटी लिहितात, उजवीकडून डावीकडे, कारण टिंबं कागदाच्या मागच्या बाजूला उमटतात. त्यांच्या तासांचा हिशोब मी अजून केलेला नाही. त्यासाठी आधी एका पानात किती टिंबं बसतात ते मोजायला हवं, आणि त्याकरता पुढच्या महिन्यात मी टोच्या हातात घेऊन बसणार आहे.