चुकीची शिक्षा किती असावी?

फॉर्म्युला वन शर्यतींच्या चाहत्यांमध्ये एक वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. वळणावर गाडीचा ताबा सुटून ती ट्रॅकबाहेर गेली, तर तिथे काय असावे? खडीचा पट्टा, गुळगुळीत डांबर की जवळच भिंत? एक गट म्हणतो, हल्ली ट्रॅकबाहेर डांबराची मैदानेच करून ठेवली आहेत. चालक चुकतो, वळसा घालून परत येतो आणि त्याचे काहीच बिघडत नाही. चुकीची किंमत मोजावी लागत नसेल, तर कौशल्याला अर्थ काय? दुसरा गट विचारतो, ती किंमत म्हणून जीव द्यायचा का? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण या वादात मानवी शरीर नेमके किती सोसू शकते, हा प्रश्न मागे पडतो. त्याबद्दल वैद्यकशास्त्राला बरेच काही सांगता येते.

घात करते ते अचानक थांबणे

विमानात ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाताना आपण निवांत चहा पितो. वेगाने शरीराला इजा होत नाही, ती होते वेग एकाएकी शून्यावर आल्याने. ताशी १८० किलोमीटर वेगाची गाडी एका मीटरच्या अंतरात थांबली, तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १२७ पट, म्हणजे १२७ ‘जी’ इतका भार येतो. तीच गाडी दहा मीटरमध्ये थांबली तर हा भार १३ ‘जी’च्या आत राहतो आणि शंभर मीटर मिळाले तर तो जेमतेम सव्वा ‘जी’ असतो. ट्रॅकबाहेरची मोकळी जागा, म्हणजे ‘रन-ऑफ’, याच अंतरासाठी असते.

अपघातात एक धडक दिसते, पण प्रत्यक्षात तीन होतात. पहिली गाडीची भिंतीवर. दुसरी शरीराची पट्ट्यावर किंवा गाडीच्या आतल्या भागावर. तिसरी शरीराच्या आत होते. कवटी थांबली तरी मेंदू पुढे जात राहतो, छाती थांबली तरी हृदय आणि महारोहिणीला हिसका बसतो. बाहेर ओरखडाही नसलेला रुग्ण तासाभरात का ढासळतो, याचे उत्तर अनेकदा या तिसऱ्या धडकेत असते.

धडकेचा कोनही महत्त्वाचा. ताशी १८० किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीला १५ अंशांच्या कोनात घासली, तर भिंतीच्या दिशेने तिचा वेग फक्त ४७ किलोमीटर भरतो. म्हणून ट्रॅकला समांतर असलेली जवळची भिंत कधी कधी कमी घातक ठरते. लांबची भिंत गाठेपर्यंत गाडी फिरली आणि वेग फारसा उतरला नाही, तर ती जवळपास समोरासमोर आदळू शकते. जितकी जागा जास्त तितकी सुरक्षितता जास्त, असे सरळ गणित इथे चालत नाही.

इमोलाचा धडा

१९९४ साली इटलीतील इमोला येथे दोन दिवसांत दोन चालक गेले. ३० एप्रिलला ऑस्ट्रियाचा रोलँड रॅट्झेनबर्गर पुढचा पंख तुटल्यामुळे ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने भिंतीवर आदळला. दुसऱ्या दिवशी ब्राझीलचा आयर्टन सेना टाम्बुरेलो वळणावरून सरळ बाहेर गेला. तिथे भिंत जवळ होती आणि ती मागे सरकवणे शक्य नव्हते, कारण पलीकडे सँतेर्नो नदी आहे. पुढच्या वर्षी त्या वळणाची रचनाच बदलून वेग कमी करण्यात आला.

रॅट्झेनबर्गरच्या कवटीच्या तळाचा अस्थिभंग झाला होता. पट्ट्यांमुळे धड जागच्या जागी थांबते, पण हेल्मेटच्या वजनासह डोके पुढे फेकले जाते. सगळा ताण मानेवर येतो आणि कवटी जिथे मणक्यावर टेकते, तिथले हाड तुटते. मेंदूचा खालचा भाग आणि मोठ्या रक्तवाहिन्या तिथेच असल्याने ही इजा बहुधा जीवघेणी ठरते. त्यावर अमेरिकी अभियंते रॉबर्ट हबर्ड यांनी १९८०च्या दशकात उपाय शोधला होता: खांद्यांवर बसणारी कॉलर आणि तिला हेल्मेट बांधून ठेवणारे पट्टे. हे ‘हान्स’ उपकरण फॉर्म्युला वनमध्ये सक्तीचे व्हायला २००३ साल उजाडले.

इमोलानंतर न्यूरोसर्जन सिड वॉटकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली. गाडी, भिंती, हेल्मेट, वैद्यकीय मदत या सगळ्यांचा एकत्र विचार सुरू झाला. त्यानंतर २० वर्षे ग्रां प्री शर्यतीत एकाही चालकाचा मृत्यू झाला नाही. उडालेली चाके लागून ट्रॅकलगतचे दोन स्वयंसेवक मात्र २००० आणि २००१ मध्ये दगावले. सुरक्षितता चालकापुरती नसते, हेही तेव्हा लक्षात आले.

खडी की डांबर?

खडीत चाके रुततात आणि ब्रेक निकामी असले तरी गाडीचा वेग उतरतो. पण गाडी आडवी आली तर खडीत रुतून उलटू शकते. २०२२ साली सिल्व्हरस्टोनला उलटलेली झोऊ ग्वानयू याची गाडी खडीवरून घसरत टायरच्या भिंतीपलीकडे जाऊन जाळीशी अडकली. डोक्यावरच्या ‘हेलो’ या धातूच्या कमानीमुळे तो वाचला. डांबरावर चालकाला ब्रेक लावता येतो, गाडी सावरता येते. मात्र ब्रेक किंवा चाक निकामी झाले तर त्या डांबराचा उपयोग फार थोडा. २०१९ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे फॉर्म्युला टू शर्यतीत आंत्वान ह्युबेरची गाडी भिंतीवर आदळून परत मागच्या गाडीच्या वाटेत आली आणि तो गेला. २०२२ मध्ये तिथले रन-ऑफ वाढवले गेले आणि काही वळणांवर खडी परत आली.

चाहत्यांची तक्रार खोटी नाही. २०२३ च्या ऑस्ट्रियन ग्रां प्रीमध्ये मर्यादा ओलांडल्याच्या बाराशेहून अधिक घटना तपासाव्या लागल्या. पुढच्या वर्षी तिथल्या शेवटच्या दोन वळणांबाहेर खडीचा अरुंद पट्टा टाकला गेला. त्यात चाक गेले की वेळ जातो आणि चालक आपोआप मर्यादा पाळतो. माझ्या मते वादाचे उत्तर इथेच आहे. चुकीची किंमत सेकंदांत वसूल व्हावी, हाडामांसात नव्हे.

चूक होणारच

ताशी ३०० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला ८३ मीटर जाते. डोळ्याने पाहिलेले मेंदूला कळून स्नायू हलेपर्यंत निष्णात चालकालाही सुमारे पाव सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी वीस मीटर पुढे गेलेली असते. ही मर्यादा सरावाने फारशी बदलत नाही. शिवाय रॅट्झेनबर्गरचा पंख तुटला, त्यात हातांची चूक नव्हती. भिंतीला हा फरक कळत नाही.

२०१४ साली जपानमधील सुझुका येथे पावसात ज्यूल बिआंकीची गाडी घसरून, दुसरी गाडी हटवायला आलेल्या ट्रॅक्टरवर आदळली. मेंदूतील तंतूंना सर्वदूर इजा झाली आणि नऊ महिन्यांनी तो गेला. चौकशीत त्याने पिवळे झेंडे असताना पुरेसा वेग कमी केला नव्हता, असे आढळले. पण चालकावर बोट ठेवून प्रकरण मिटवले गेले नाही. २०१५ पासून अशा वेळी सर्वांचा वेग एकदम मर्यादित करणारी व्यवस्था आली.

२०२० मध्ये बहारीनला रोमाँ ग्रोजाँ ६७ ‘जी’च्या धडकेतून आणि पेटलेल्या गाडीतून अर्ध्या मिनिटाच्या आत बाहेर पडला. हात भाजले, जीव वाचला. आधी त्याचा ‘हेलो’ला विरोध होता, पण त्याच कमानीने भिंतीचे लोखंड त्याच्या डोक्यापासून दूर ठेवले.

आपल्याकडे मात्र अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, ‘चूक कोणाची?’ शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात नातेवाईक, पोलीस, बघे सगळे हेच विचारतात. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. ताशी ५० किलोमीटरला भिंतीवर आदळणे म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणे. दुचाकीवर हनुवटीचा पट्टा लावलेले हेल्मेट, मागच्या सीटवरही बेल्ट, रस्त्याकडेच्या खांबापुढे आणि पुलाच्या कठड्यापुढे धक्का शोषणारा अडथळा हे आपल्या रस्त्यांचे ‘रन-ऑफ’ आहे. ज्याची चूक असेल त्याला दंड व्हावा, परवाना जावा, पण एका क्षणाच्या चुकीसाठी देहदंड ही शिक्षा कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. ती आपल्या रस्त्यांनीही देऊ नये.