वेळू : झाड कीं गवत?

वेळू हें झाड कीं गवत, असें वनस्पतिशास्त्रज्ञास विचारल्यास तो तत्काळ सांगेल कीं, भात-उंसाच्या कुळांतील हें एक थोराड गवत होय. परंतु १९२७ च्या भारतीय वनकायद्यानें वेळूची गणना झाडांत केली, आणि या एका शब्दापायीं रानांतील माणसांचें पोट अडून राहिलें. परवान्यावांचून सरकारी वनांतील झाड तोडणें किंवा वाहून नेणें हा गुन्हाच.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) हें गोंडांचें लहानसें गांव. जळण, कुंपणाचे वेळू, मोहाचीं फुलें, मध, सारें पिढ्यान् पिढ्या भोंवतालच्या जंगलांतून यावयाचें. कागदोपत्रीं मात्र तें जंगल सरकारी, आणि वेळू ठेक्यानें कागदाच्या गिरणीस जाई. गांवाच्या सभेंत बहुमतानें निर्णय होत नाहीं. सर्वांची संमति मिळेपर्यंत विषय लांबणीवर टाकतात. शहरांतील सभांना हें धैर्य क्वचितच साधेल!

२००६ च्या वनहक्क कायद्यानें वेळूस गौण वनोपज मानून त्याची मालकी वननिवासींना दिली. २००९ सालीं मेंढ्यास सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातीं. हक्क मिळूनहि माल रानांतच पडून, असा प्रकार झाला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितींत परवान्याचें पुस्तकच ग्रामसभेच्या स्वाधीन झालें.

अशानें जंगल उजाड होईल, ही भीति सुशिक्षित वर्गांत वारंवार ऐकूं येते. ती सर्वस्वीं निराधार नाहीं. पण वेळूचा स्वभाव ध्यानीं घेतला पाहिजे. जमिनीखालील कंदापासून दर पावसाळ्यांत नवे कोंब फुटतात. कोवळ्या काठ्या राखून, कांहीं जुन्या आधारास ठेवून, पक्व तेवढ्याच तोडल्यास बेट टिकतें. सरसकट कापल्यास कंद खंगतो. ठेकेदारास ठेक्याची मुदत तेवढी दिसते. ज्यास पुढील वर्षीं त्याच बेटाशीं जावयाचें आहे, त्याला कंदाची काळजी. अर्थात् ही काळजी आपोआप उपजत नाहीं. नियम करावे लागतात, पाळत ठेवावी लागते. आणि हें कर्तव्यहि कायद्यानें ग्रामसभेवरच सोंपविलें आहे.

२०१७ सालीं केंद्र सरकारनें झाडांच्या व्याख्येंतून वेळूचें नांव गाळलें. शेताच्या बांधावरील वेळू त्यामुळें मोकळा झाला. वनांत उगवलेला मात्र वनोपज म्हणून जुन्या कायद्याच्या कक्षेंतच राहिला.