बक्षीस व्हिडिओला, पुतळा गायकाला

न्यूयॉर्कजवळच्या यूबीएस अरीनात ७ सप्टेंबर २०२५च्या रात्री कुणाला काय मिळालं, हे एव्हाना सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेलं आहे. लेडी गागा वर्षाची कलाकार, आरियाना ग्रांडेचा ‘ब्रायटर डेज अहेड’ वर्षाचा व्हिडिओ आणि मराया कॅरीला पस्तीस वर्षांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच एमटीव्हीचा पुतळा. मला खरी बातमी वाटली ती वेगळीच. एमटीव्ही व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्सचा हा सोहळा त्या वर्षी प्रथमच सीबीएससारख्या जुन्याजाणत्या वाहिनीवरूनही दाखवावा लागला. एमटीव्हीच्या सोहळ्याला एमटीव्ही पुरेनाशी झाली. यात नवल नाही. तिथे वर्षानुवर्षं रिअॅलिटी शो चालतात आणि गाण्यांचे व्हिडिओ लोक यूट्यूबवर बघतात.

पण माझी तक्रार त्याहून जुनी आहे. बक्षीस जर व्हिडिओचं, तर व्हिडिओ करणारा माणूस असतो कुठे?

१ ऑगस्ट १९८१ला एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली तेव्हा तिने नासाची चांद्रमोहिमेची दृश्यं उचलली, कारण ती वापरायला पैसे पडत नव्हते. चंद्रावरच्या झेंड्यावर एमटीव्हीची अक्षरं चढवली आणि बोधचिन्ह तयार झालं. कार्यक्रमही तसेच फुकट मिळाले. व्हिडिओचा खर्च रेकॉर्ड कंपनी करायची, अनेकदा त्यातला वाटा गायकाच्या रॉयल्टीतून वळता करून घ्यायची आणि तयार व्हिडिओ जाहिरात म्हणून वाहिनीच्या हातात द्यायची. दिग्दर्शकाला बहुधा ठरलेली रक्कम मिळायची; गाणं पुढे कितीही गाजो, त्याचा हिशेब तिथेच संपायचा. १९८४पासून याच व्हिडिओंना अंतराळवीराचा चंदेरी पुतळा, म्हणजे ‘मूनमन’, मिळू लागला.

या सगळ्या इतिहासात मला एकच माणूस पुन्हा पुन्हा आठवतो. तरसेम सिंग. जन्म जालंधरचा, शिक्षण शिमल्यात आणि पुढे कॅलिफोर्नियात पॅसाडिनाच्या कलामहाविद्यालयात. १९९१ साली आर.ई.एम. या बँडच्या ‘लूझिंग माय रिलिजन’चा व्हिडिओ या तिशीतल्या पंजाबी माणसाने केला. खिडकीबाहेर पाऊस पडतोय, दुधाचं भांडं खाली पडून फुटतं. ही सुरुवात रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीची आठवण करून देणारी. पुढे काराव्हाज्जोच्या चित्रातला अंधार-उजेड, बाण रुतलेला संत सेबास्टियन, जखमेत बोट घालून खात्री करून घेणारा थॉमस आणि त्यांच्याच शेजारी निळ्या अंगाचे आपले देव. एरवी व्हिडिओत गाण्यावर ओठ हलवायला नकार देणारा गायक मायकेल स्टाइप इथे त्यालाही तयार झाला. हात झटकत, अंग वेडंवाकडं टाकत तो जे काही नाचतो त्याला नाच म्हणावं का, हे मला आजही ठरवता आलेलं नाही, पण नजर हटत नाही. धर्मचित्रं आणि नाटकीपणा एकमेकांत इतके बेमालूम मिसळायला भिंतीवरच्या कॅलेंडरातले देव बघत वाढलेला माणूसच हवा, असं माझं मत. पुरावा मागू नका.

त्या वर्षी या व्हिडिओला सहा मूनमन मिळाले. वर्षाचा व्हिडिओ, दिग्दर्शन, कलादिग्दर्शन, संकलन, सगळं. आणि तेव्हा एमटीव्हीवर व्हिडिओ लागला की पडद्याच्या कोपऱ्यात काय लिहून यायचं? गायक, गाणं, अल्बम, कंपनी. दिग्दर्शकाचं नाव तिथे द्यायला वाहिनीने सुरुवात केली ती १९९२च्या अखेरीस. अकरा वर्षं गेली त्याला. तोवर डेव्हिड फिंचर मॅडोनाच्या व्हिडिओंसाठी १९८९ आणि १९९०, लागोपाठ दोन वर्षं दिग्दर्शनाचा पुतळा घेऊन हॉलिवूडच्या वाटेला लागलासुद्धा होता.

सोहळ्याचं म्हणून लोकांच्या लक्षात काय राहिलं? १९८४ला लग्नाच्या पोशाखात स्टेजवर लोळलेली मॅडोना, २००९ला टेलर स्विफ्टच्या हातातला माइक हिसकावणारा कान्ये वेस्ट, २०१०ला गागाच्या अंगावरचा मांसाचा झगा. यात व्हिडिओ एकही नाही. कान्येने ज्या व्हिडिओच्या बक्षिसाच्या वेळी गोंधळ घातला तो रोमन व्हाइटने दिग्दर्शित केला होता, हे किती जणांना माहीत आहे?

आता तर गायकच दिग्दर्शक झाले आहेत. टेलर स्विफ्टने दिग्दर्शनाचा पुतळा २०२०, २०२२, २०२३ आणि २०२४ला नेला. २०२५चा ‘अब्राकाडाब्रा’साठी मिळाला, त्याच्या तीन दिग्दर्शकांत पहिलं नाव गागाचंच. यात गैर काही नाही. स्विफ्टची नजर तयार आहे, हे मान्यच. पण जालंधरहून आलेल्या एखाद्या अनोळखी माणसाला शिरायला जी एक फट होती, तीही या वाटेने बुजत चालली आहे. स्टेजवर तोच चेहरा, पडद्यावर तोच आणि कॅमेऱ्यामागेही तोच.

एमटीव्हीला हा सोहळा वाचवायचा असेल तर एक सोपं काम करता येईल. दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलनाची बक्षिसं भर कार्यक्रमात, अगदी सुरुवातीला द्यावीत आणि विजेता व्हिडिओ पूर्ण दाखवावा. सीबीएसच्या प्रेक्षकांनी तो बहुधा पाहिलेलाच नसतो. आपल्यापुरतं म्हणाल, तर ‘लूझिंग माय रिलिजन’ यूट्यूबवर फुकट आहे. एकदा आवाज बंद करून बघा आणि मूनमन कुणाचा ते तुम्हीच ठरवा.