श्रीलंकेला केव्हा जावे? आधी किनारा ठरवा, मग महिना

परिचयातील फोंड्याचे एक कुटुंब मे महिन्याच्या अखेरीस श्रीलंकेला गेले होते. मुलांची सुट्टी संपत आली होती, आजी-आजोबांचा हा पहिलाच परदेश प्रवास होता आणि त्यासाठी दोन वर्षे पैसे साठवले होते. नैर्ऋत्य किनाऱ्यावरील बेंटोटा येथे चार दिवसांचा मुक्काम ठरला. चारही दिवस समुद्रावर लाल बावटे फडकत होते आणि खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता. परत आल्यावर आजोबा एवढेच म्हणाले, ‘पाऊस आपल्या दारी येणारच होता, आम्ही त्याला आणायला पुढे गेलो.’

हा केवळ विनोद नव्हता. नैर्ऋत्य मोसमी वारे गोव्यात साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतात. श्रीलंकेत ते त्यापूर्वीच, मेच्या उत्तरार्धात दाखल झालेले असतात. मात्र त्याच दिवसांत या बेटाचा पूर्व किनारा बहुधा कोरडा आणि उन्हाचा असतो. कोलंबोहून त्रिंकोमाली रस्त्याने सुमारे २६० किलोमीटरवर आहे. त्या कुटुंबाचा महिना चुकला नव्हता, किनारा चुकला होता. म्हणूनच ‘श्रीलंकेला केव्हा जावे’ या प्रश्नाला एका महिन्याचे नाव सांगून उत्तर देता येत नाही. ‘श्रीलंकेतील कोणत्या भागात आणि कशासाठी’ हे आधी ठरवावे लागते.

एक बेट, दोन पावसाळे

श्रीलंकेचे क्षेत्रफळ सुमारे ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळपास अठरा पट आहे. बेटाच्या दक्षिण-मध्य भागात उंच डोंगररांगा आहेत. पिदुरुतलागला हे सर्वोच्च शिखर २,५२४ मीटर उंच आहे. हवामानाची सारी विभागणी हे डोंगर करतात.

मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येकडून येणारे बाष्पयुक्त वारे डोंगरांच्या पश्चिम उतारावर अडतात. कोलंबो, गॉल, रत्नपुरा आणि चहामळ्यांचा पश्चिमेकडील भाग तेव्हा भिजून निघतो. डोंगर ओलांडून पलीकडे उतरणारे वारे कोरडे झालेले असतात. हा खेळ आपल्याला अपरिचित नाही. सह्याद्रीच्या अलीकडे सत्तरीत आणि सांग्यात धो धो पाऊस पडत असताना घाटमाथा ओलांडून पूर्वेकडे जावे तसतसा पाऊस विरळ होत जातो, तसेच हे आहे. फरक इतकाच की, तिथे डोंगरापलीकडेही पुन्हा समुद्रकिनाराच लागतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात वाऱ्यांची दिशा उलटते. बंगालच्या उपसागरावरून ईशान्येकडून येणारे वारे पूर्व आणि उत्तर भागाला पाऊस देतात आणि पश्चिम व दक्षिण किनारे कोरडे होतात. या दोन पावसाळ्यांच्या मधल्या काळात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दुपारनंतर गडगडाटासह सरी कुठेही येऊ शकतात. यांपैकी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ अधिक ओला आणि अधिक धोक्याचा, कारण उपसागरात कमी दाबाचे पट्टे निर्माण होण्याचेही तेच दिवस असतात. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या ‘दितवा’ चक्रीवादळाने श्रीलंकेत पूर आणि दरडींमुळे शेकडो बळी घेतले. डोंगराळ भागातील रस्ते आणि रेल्वेमार्ग यांचेही मोठे नुकसान झाले. चहामळ्यांतून जाणारा रेल्वेप्रवास ज्यांच्या यादीत आहे, त्यांनी गाडी कोणत्या टप्प्यापर्यंत धावते याची निघण्यापूर्वी खात्री करून घेणे इष्ट.

पशुपक्षी आणि समुद्रही ऋतूच पाळतात

किनाऱ्याच्या निवडीबरोबर इतर बऱ्याच गोष्टी आपोआप ठरतात. दक्षिणेकडील मिरिस्सा येथून देवमासे पाहण्यासाठी होड्या जातात, त्या मुख्यतः डिसेंबर ते एप्रिल या काळात. पूर्वेकडे त्रिंकोमालीच्या समुद्रात तोच हंगाम मेपासून पुढे काही महिने असतो. लाटांवर स्वार होणाऱ्यांचा मेळा हिवाळ्यात हिक्काडुवाला भरतो आणि मे ते सप्टेंबर या काळात पूर्वेच्या अरुगम बे येथे.

मध्य-उत्तर भागातील मिन्नेरिया हा जलाशय तिसऱ्या शतकात महासेन राजाने बांधला. कोरड्या महिन्यांत, विशेषतः ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये, त्याचे पाणी ओसरते, काठावर कोवळे गवत उगवते आणि आसपासच्या जंगलांतील हत्तींचे कळप तिथे एकत्र येतात. पाणी ओसरलेच नाही, तर कळप विखुरलेले राहतात. त्यामुळे त्या वर्षी जलाशयाची स्थिती काय आहे, हे वाटाड्याला आधी विचारावे. आग्नेयेकडील याला अभयारण्याचा प्रमुख भाग मात्र तीव्र उन्हामुळे सप्टेंबरच्या सुमारास काही आठवडे बंद ठेवला जातो. केवळ बिबट्या पाहण्यासाठी जाणाऱ्याने तेवढा काळ टाळावा.

सणांचे वेळापत्रक आपल्या भिंतीवरच

श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते. तिला ‘पोया’ म्हणतात. त्या दिवशी सरकारी कार्यालये आणि अनेक दुकाने बंद असतात, मद्यविक्रीवर बंदी असते आणि बौद्ध मंदिरांत शुभ्र वस्त्रांतील भाविकांची गर्दी उसळते. पर्यटकाला हा दिवस अडचणीचा वाटू शकतो, पण मंदिर पाहायचे असेल तर याहून चांगला दिवस नाही.

गोव्यातील मराठी घरात या दिवसांचा हिशोब करणे फार सोपे आहे. भिंतीवरची दिनदर्शिका उघडावी. वैशाख पौर्णिमा, म्हणजे बुद्धपौर्णिमा, तोच तिथला ‘वेसाक’. त्या रात्री घरोघरी कागदी कंदील लागतात, चौकाचौकांत दिव्यांच्या भव्य कमानी उभ्या राहतात आणि रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना मोफत अन्न वाढले जाते. ज्येष्ठ पौर्णिमा म्हणजे ‘पोसोन’. सम्राट अशोकाचा पुत्र महिंद याने मिहिंतले येथे राजाला धम्माचा उपदेश केला, त्याचा हा स्मरणदिन. अनुराधापुर परिसरात तेव्हा लाखोंची रीघ लागते. मार्गशीर्ष पौर्णिमेपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत २,२४३ मीटर उंचीच्या श्रीपाद पर्वताची यात्रा चालते. मध्यरात्री चढायला लागून सूर्योदयाला शिखर गाठण्याची प्रथा आहे. अधिक मासाच्या वर्षी मात्र त्या देशाच्या अधिकृत सुट्ट्यांची यादीही पाहावी, कारण तिथली गणना क्वचित आपल्याहून वेगळी पडते.

सर्वांत प्रसिद्ध उत्सव म्हणजे कँडीचा ‘एसला पेराहेरा’. बुद्धाच्या दंतधातूच्या मंदिरातर्फे निघणाऱ्या या मिरवणुका दहा रात्री चालतात. सजवलेले हत्ती, मशाली, ढोलवादक आणि नर्तक यांनी रस्ते भरून जातात. शेवटच्या पाच रात्री सर्वाधिक भव्य असतात आणि उत्सवाची सांगता ‘निकिनी’ पौर्णिमेच्या सुमारास होते. ही पौर्णिमा सर्वसाधारणपणे आपली श्रावणी, म्हणजे नारळी पौर्णिमा. चतुर्थी तिच्यानंतर सुमारे १९ दिवसांनी येते. पेराहेरा पाहून परतलेल्या गोमंतकीयाला माटोळीचे सामान जमवायला पुरेसा वेळ मिळतो, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

याच सुमारास, जुलै-ऑगस्टमध्ये, जाफन्यातील नल्लूर कंदस्वामी मंदिराचा २५ दिवसांचा उत्सव असतो आणि १५ ऑगस्टला मन्नार भागातील मडू येथे माउलीचे मोठे फेस्त भरते. उत्तरेत तेव्हा कोरडे दिवस असल्याने हे दोन्ही उत्सव पाहणे हवामानाच्या दृष्टीने सोयीचे ठरते.

उत्सवाची दुसरी बाजूही सांगायला हवी. पेराहेराच्या दिवसांत कँडीतील खोल्यांचे दर चढतात, दुपारपासून रस्ते बंद होतात आणि चांगली जागा मिळवण्यासाठी कित्येक तास बसून राहावे लागते. वृद्ध सोबत असतील तर पैसे मोजून खुर्चीची जागा आधीच राखून ठेवणे शहाणपणाचे. १३ आणि १४ एप्रिलच्या सुमारास येणाऱ्या सिंहली-तामिळ नववर्षाला अडचण उलटी असते. लोक आपापल्या गावी जातात, शहरांतील दुकाने आणि उपाहारगृहे काही दिवस बंद राहतात, बसगाड्या ओसंडून वाहतात आणि थंड हवेच्या नुवारा एलियात देशभरातील सुट्टीकर जमतात. हा सण सूर्याच्या मेष संक्रमणावर अवलंबून असल्याने त्याची तारीख फारशी हलत नाही. त्यामुळे तो टाळणेही सोपे आहे.

आपल्या सुट्ट्यांत काय बसते?

मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी पूर्व किनारा निवडावा. त्रिंकोमाली, पासिकुडा आणि वाटेवर सिगिरिया व पोलोन्नारुवा असा बेत आखता येतो. ऊन कडक असते, त्यामुळे सिगिरियाचा खडक सकाळी लवकर चढावा. ऑगस्टमध्ये रजा मिळत असेल तर कँडी, मिन्नेरिया आणि पूर्व किनारा हे तिन्ही एका प्रवासात साधतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणे भाग असेल तर तिकिटे आणि खोल्या रद्द करता येतील अशाच घ्याव्यात, डोंगराळ भागातील मुक्काम कमी ठेवावा आणि हवामान खात्याचे इशारे रोज पाहावेत. नाताळच्या सुट्टीत गॉल आणि मिरिस्साचा दक्षिण किनारा उत्तम, पण सर्वांत महागही तेव्हाच. त्या दिवसांत पूर्वेकडे जाण्याचा मोह टाळलेला बरा.

सुट्टीचे बंधन नसलेल्या निवृत्तांसाठी फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च हा काळ सर्वांत सोयीचा. ईशान्य मोसमी पाऊस ओसरलेला असतो, नैर्ऋत्येचा अजून दूर असतो आणि बेटाचा बहुतेक भाग कोरडा राहतो. पेराहेराचा झगमगाट तेव्हा नसतो, मात्र श्रीपादाची यात्रा सुरू असते.

प्रवासात सगळेच मिळत नाही. समुद्र, हत्ती, चहामळे आणि मिरवणूक यांपैकी कोणत्या एका गोष्टीसाठी आपण एवढा खर्च करतो आहोत, हे घरातील सर्वांनी तिकीट काढण्यापूर्वी बसून ठरवावे. ती गोष्ट ठरली की किनारा ठरतो, किनाऱ्यावरून महिना ठरतो आणि पौर्णिमा पाहून तारीख निश्चित करता येते. फोंड्याच्या त्या आजोबांनी आता पुन्हा दिनदर्शिका उघडली आहे. या वेळी त्यांनी नारळी पौर्णिमेभोवती वर्तुळ केले आहे आणि समुद्रस्नानासाठी त्रिंकोमालीचे नाव लिहून ठेवले आहे.