मानव्यविद्यांच्या अनुदानातील कपात
भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, कला इ. मानव्यविद्यांच्या उच्च शिक्षणास शासनाकडून मिळणारे साहाय्य कमी करण्याचे धोरण. एकंदर अनुदान घटविणे आणि विषयांची वर्गवारी करून त्यांपैकी काहींचेच अनुदान काढून घेणे, असे तिचे दोन प्रकार आहेत. दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण इंग्लंडचे होय.

ग्रेट ब्रिटनमध्ये १९१९ पासून विद्यापीठ अनुदान समिती शासकीय निधीचे वाटप करीत असे. १९८१ मधील कपातीची मोठी झळ सॅलफर्डसारख्या तंत्रविद्याप्रधान विद्यापीठासही पोहोचली. २०१० मध्ये मात्र विषयभेद धोरणातच आला. लॉर्ड ब्राउन यांच्या अहवालानंतर शासनाने संशोधन वगळता उच्च शिक्षणावरील तरतूद २०१४-१५ पर्यंत ७१० कोटी पौंडांवरून ४२० कोटींवर आणण्याचे ठरविले. वैद्यक व प्रयोगशालेय विषयांचे अनुदान अंशतः राहिले. वर्गातच शिकविल्या जाणाऱ्या मानव्यविद्यांचे जवळजवळ संपुष्टात आले. ९ डिसेंबर २०१० रोजी हाउस ऑफ कॉमन्सने ३२३ विरुद्ध ३०२ मतांनी वार्षिक शुल्काची कमाल मर्यादा ९,००० पौंड करण्यास संमती दिली. हे शुल्क कर्जरूपाने मिळे आणि पदवीनंतर २१,००० पौंडांहून अधिक असलेल्या उत्पन्नाच्या ९ टक्के दराने फेडावे लागे.

या विद्यांचा अध्यापनखर्च कमी असल्याने वाढीव शुल्कामुळे विभागांचे दरडोई उत्पन्न प्रारंभी घटले नाही. बदलला तो त्याचा आधार : सार्वजनिक अनुदानाची जागा विद्यार्थिसंख्येने घेतली. २०१५ मध्ये प्रवेशसंख्येवरील नियंत्रण उठले आणि २०१७ पासून अनेक वर्षे शुल्कमर्यादा ९,२५० पौंडांवर गोठली. महागाईने तिचे मूल्य घटत गेले व विद्यार्थी गमावणारे विभाग अडचणीत आले. शेफील्ड हॅलम विद्यापीठाने २०२२ मध्ये इंग्रजी साहित्याचा पदवी-अभ्यासक्रम स्थगित केला. २०२१-२२ पासून प्रयोगीय कला व माध्यमविद्या यांचे पूरक अनुदानही निम्मे करण्यात आले.

पदवीचा लाभ पदवीधरास होतो, म्हणून खर्चही त्यानेच सोसावा, असे समर्थकांचे म्हणणे. याउलट प्राचीन लिपी वाचणारा अभ्यासक किंवा अल्पपरिचित भाषेचा जाणकार यांच्या ज्ञानाचा लाभ सर्व समाजास होतो. त्याची किंमत एका विद्यार्थ्याच्या भावी वेतनावरून ठरविता येत नाही, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. प्रयोगशाळा पुन्हा उभारता येते. परंतु अध्यापनाची परंपरा एकदा खंडित झाल्यास नवे अध्यापक घडविण्यासाठी जुने अध्यापकच उरत नाहीत. अशा कपातीची खरी हानी त्यामुळे अंदाजपत्रकात दिसत नाही.