बोटवाहू ट्रेलरच्या धारव्यांचे ग्रीज

लहान मोटारबोटी व शिडाच्या होड्या जमिनीवरून नेण्यासाठी मोटारगाडीमागे जोडतात त्या ट्रेलरच्या चाकांतील धारव्यांना म्हणजेच बेअरिंगांना घालावयाचे अर्धघन वंगण. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इ. देशांत असे ट्रेलर मोठ्या प्रमाणात वापरतात. बोट पाण्यात सोडताना ट्रेलर उतारावरून मागे नेऊन त्याची चाके पाण्यात बुडवावी लागतात. त्यामुळे या धारव्यांना रस्त्यावरील वेग व भार यांबरोबर पाण्याशी, पुष्कळदा खाऱ्या पाण्याशी, होणारा संपर्कही सोसावा लागतो. वंगण निकामी झाल्यास धारवा तापून जखडतो व प्रसंगी भर वेगात चाक निखळून गंभीर अपघात होतो.

रचना : चाकाच्या तुंब्यात सामान्यतः निमुळत्या रुळांचे दोन धारवे एकमेकांकडे तोंड करून बसविलेले असतात. प्रत्येकात आतील कडे, बाहेरील कडे, रूळ व रुळांना अंतरावर ठेवणारा पिंजरा असे भाग असतात. या प्रकारच्या धारव्याचे एकस्व हेन्‍री टिमकेन व रेजिनाल्ड हाइनझेलमन यांना अमेरिकेत १८९८ मध्ये मिळाले. उभा भार व वळणावर येणारा आडवा रेटा हे दोन्ही तो पेलू शकतो. तुंब्याची आतील बाजू रबरी सीलने व बाहेरील बाजू टोपणाने बंद केलेली असते.

पाणी शिरण्याचे कारण : प्रवासात धारवे व विशेषतः गतिरोधक यांच्या उष्णतेने तुंबा तापतो. तो तसाच थंड पाण्यात बुडविल्यास आतील हवा एकदम निवते. ही हवा ६०° से.वरून २५° से.पर्यंत थंड झाली, तर तिचा दाब सु. एकदशांशाने घटतो. हा फरक सु. १ मी. उंचीच्या पाण्याच्या स्तंभाच्या दाबाइतका असतो. परिणामी सीलच्या ओठावरून पाणी आत ओढले जाते. म्हणून बोट पाण्यात सोडण्यापूर्वी तुंबा हाताला थंड लागेपर्यंत थांबणे हा सर्वांत सोपा व बिनखर्चाचा उपाय होय. उत्तम ग्रीजही सदोष सीलची उणीव भरून काढू शकत नाही.

ग्रीजचे घटक : ग्रीज हे तेल, ते धरून ठेवणारा घट्टकारक व अल्प प्रमाणातील समावेशके यांचे मिश्रण असते. प्रत्यक्ष वंगणाचे काम तेल करते. घट्टकारक बहुधा मेदाम्लाचा धातुयुक्त साबण असतो व ग्रीजचा जलरोध आणि उष्णतारोध मुख्यतः त्यावर अवलंबून असतो. सोडियम साबणाचे ग्रीज पाण्यात विरघळते, म्हणून ते येथे वर्ज्य होय. जुन्या पद्धतीचे सजल कॅल्शियम साबणाचे ग्रीज पाण्यात टिकते, परंतु सु. १००° से.च्या आसपास ते वितळू लागत असल्याने वेगवान चाकांना चालत नाही. लिथियम साबणाच्या ग्रीजची एकस्वे क्लॅरेन्स अर्ल यांना अमेरिकेत १९४२ मध्ये मिळाली. या ग्रीजचा गळणबिंदू सु. १९०° से. असतो, लिथियम जटिल साबणाच्या ग्रीजचा तो २५०° से.हून अधिक असतो. ॲल्युमिनियम जटिल व कॅल्शियम सल्फोनेट ग्रीजे पाण्याने सहसा धुऊन जात नाहीत. त्यांपैकी कॅल्शियम सल्फोनेट ग्रीजमध्ये गंजरोधाचा गुण अंगभूत असल्यामुळे खाऱ्या पाण्यासाठी ते विशेष उपयुक्त ठरते. गळणबिंदू ही वापराची मर्यादा नव्हे. प्रत्यक्ष वापराचे तापमान त्याहून बरेच कमी ठेवावे लागते.

निवड : ग्रीजच्या घट्टपणाचे ०००पासून ६पर्यंतचे क्रमांक अमेरिकेतील नॅशनल लुब्रिकेटिंग ग्रीज इन्स्टिट्यूट या संस्थेने ठरविलेले आहेत. चाकांसाठी क्र. २ वापरतात. त्यात प्रमाणित शंकू २५° से. तापमानास २६·५ ते २९·५ मिमी. खोल रुततो. याच संस्थेच्या ‘जीसी-एलबी’ या खुणेतील पहिली दोन अक्षरे चाकाच्या धारव्यांसाठी, तर पुढील दोन सांगाड्याच्या सांध्यांसाठी योग्यता दर्शवितात. संस्थेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या बहुउपयोगी ग्रीजच्या वर्गीकरणात जलरोध व गंजरोध यांसाठी स्वतंत्र उपवर्ग आहेत. लाल, निळा वा हिरवा रंग हा केवळ उत्पादकाने घातलेला असून त्यावरून गुण ठरविता येत नाही. भिन्न घट्टकारकांची ग्रीजे एकत्र आल्यास मिश्रण पातळ होऊन तेल गळून जाण्याचा संभव असतो, उदा., पॉलियूरिया व लिथियम यांची. म्हणून प्रकार बदलताना जुने ग्रीज पूर्णपणे काढून टाकतात.

भरण्याची पद्धत : ट्रेलर पक्क्या आधारावर उचलून टोपण, कॉटर पिन, नट व वॉशर काढतात आणि तुंबा सावकाश ओढून घेतात. धारवे केरोसिनने धुऊन पूर्ण कोरडे करतात. दाबाच्या हवेने ते गरगर फिरविणे धोक्याचे असते. ग्रीज दुधाळ झालेले असल्यास पाणी शिरले असे समजावे. रुळांवर निळसर झाक, खड्डे किंवा गंजाचे डाग दिसल्यास धारवा बाहेरील कड्यासह बदलतात. मग तळहातावर ग्रीज घेऊन धारव्याची रुंद कड त्यावर दाबतात व रुळांमधून दुसऱ्या बाजूने ग्रीज बाहेर येईपर्यंत ही क्रिया सर्व परिघावर करतात. वरवर लावलेले ग्रीज आतपर्यंत पोहोचत नाही. कडी, आसाचे टोक व सीलचा ओठ यांवरही पातळ थर देतात. सील दर वेळी नवे बसवितात. चाक फिरवीत नट आवळून धारवे बसले की तो सैल करून पुन्हा केवळ बोटांनी आवळतात व नवी कॉटर पिन घालतात. नट अधिक घट्ट राहिल्यास धारवा तापतो, अधिक सैल राहिल्यास चाक डगमगते.

काही तुंब्यांवर स्प्रिंग व दट्ट्या असलेले टोपण बसवून आतील ग्रीजवर किंचित दाब राखतात, त्यामुळे पाणी शिरण्यास विरोध होतो. मात्र ग्रीजच्या पिचकारीने अतिरिक्त ग्रीज दाबून भरल्यास आतील सील उचलले जाऊन ग्रीज गतिरोधकांवर पसरते. शिवाय अशी सोय असली, तरी धारवे उघडून तपासण्याची गरज टळत नाही.

देखभाल : साधारणतः वर्षातून एकदा धारवे उघडून धुणे व नवे ग्रीज भरणे इष्ट असते, चाके खाऱ्या पाण्यात वारंवार बुडत असल्यास हा कालावधी कमी करतात. हंगाम संपल्यावर ट्रेलर दीर्घकाळ उभा करण्यापूर्वी हे काम उरकणे श्रेयस्कर, कारण आत राहिलेले पाणी स्थिर रुळांखाली गंज आणते व पुढील प्रवासात तेथूनच झीज सुरू होते. प्रवासात थांबल्यावर तुंब्यांना सावधपणे हात लावून पाहण्याचा प्रघात आहे. एखादा तुंबा इतरांहून बराच अधिक तापलेला आढळल्यास पुढे न जाता त्याची तपासणी करतात. भातखाचरांत चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरच्या पुढील चाकांचे धारवेही पाण्यात व चिखलात फिरत असल्याने त्यांनाही जलरोधी ग्रीज व वारंवार देखभाल यांची गरज असते.